तीन ऑफिसं, एकच अ‍ॅक्सेस डेटाबेस : फाइल ठेवायची कुठे?

मी_नेरुळची

नमस्कार मंडळी, इथल्या तांत्रिक लोकांचा सल्ला हवाय. मी एका कस्टम्स ब्रोकर फर्ममध्ये आहे (जुने लोक सीएचए म्हणतात तेच), हुद्दा अकाउंट्सचा पण ऑफिसात जे काही प्लगला लावलेलं असतं ते सगळं माझ्याच गळ्यात. हेड ऑफिस वाशी सेक्टर १७, दुसरं न्हावा शेव्याला पोर्टजवळ, आणि तिसरं ठाण्यात वागळे इस्टेटला, तिथे बिलिंग होतं.

आमचं जॉब रजिस्टर अ‍ॅक्सेसमध्ये आहे. जॉब नंबर, बिल ऑफ एंट्री, कंटेनर, ड्युटी, डिटेन्शन, ट्रेलरचं भाडं, पार्टीचं बिल, सगळं त्यातच. आधीच्या एका सहकाऱ्याने बनवलेलं आणि खरं सांगू तर छान बनवलंय, वाशीत लॅनवर (ऑफिसातल्या आतल्या नेटवर्कवर) मस्त चालतं. पण शेव्याहून व्हीपीएनने (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कात येणारी खाजगी वाट) उघडलं की पेंडिंग जॉबची यादी येईपर्यंत माणूस चहा पिऊन परत येतो. म्हणून शेठनी गेल्या महिन्यात फाइल एका क्लाउड ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये टाकायला लावली, "सगळ्यांकडे आपोआप जाईल" म्हणे. दुसऱ्याच दिवशी फोल्डरमध्ये दोन फाइली, एकीच्या नावापुढे कॉन्फ्लिक्टेड कॉपी, ठाण्याची बिलं एकीत आणि शेव्याच्या एंट्र्या दुसरीत. हाताने जुळवत बसलो सगळे. सध्या फाइल परत वाशीच्या एका पीसीवर.

साइज १.४ जीबी, कारण जुने स्कॅन पण टेबलातच अटॅचमेंट करून ठेवलेत. माणसं वीसेक, एका वेळी दहा-बारा आत असतात. प्रश्न एवढाच की नॅस (नेटवर्कला लावायचा डिस्कचा डबा) घ्यावा की क्लाउडवरचा फाइल शेअर? बजेट विचारलं तर शेठ "बघू" म्हणतात, त्यावरून काय ते समजा.

गावदेवी

भाऊ, सोप्पंय. प्रत्येक ऑफिसात एकेक नॅस टाका, आपापसात सिंक लावा, काम खल्लास. आमच्याकडे आर्किटेक्टची ड्रॉइंग्ज अशीच फिरतात, घोडबंदर आणि डोंबिवली दोन्हीकडे.

मी_नेरुळची

भाऊ नाही ताई :) आयडीतच आहे की.

तीनहातनाका

गावदेवी, ड्रॉइंग वेगळं आणि डेटाबेस वेगळा. ड्रॉइंग एक माणूस उघडतो, सेव्ह करतो, बंद करतो, मग ते दुसरीकडे जातं. डेटाबेसची फाइल सकाळी साडेनऊला उघडते ती रात्री शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत उघडीच असते आणि त्यात एका वेळी दहा जण वेगवेगळ्या पानांवर लिहीत असतात. विंडोज सर्व्हरचं डीएफएस रेप्लिकेशन (एकच फोल्डर दोन सर्व्हरवर सारखा ठेवणारी सोय) तर फाइल बंद झाल्याशिवाय ती पुढे पाठवतच नाही, आणि दोन्हीकडे बदल झाले असतील तर शेवटी लिहिणारा जिंकतो, दुसऱ्याची आवृत्ती एका लपवलेल्या कॉन्फ्लिक्ट फोल्डरमध्ये जाऊन पडते. सिंक करणारं कुठलंही साधन घ्या, ते फाइल नेतं पण कुलूप नेत नाही. अ‍ॅक्सेस फाइल उघडली की शेजारी एलएसीसीडीबी नावाची छोटी लॉक फाइल तयार होते बघा, त्या फाइलवरच्या लॉकवरून कोण कुठल्या रेकॉर्डवर बसलंय ते ठरतं. शेव्याची प्रत शेव्याचं कुलूप बघणार, ठाण्याची ठाण्याचं, दोघांनाही वाटणार रेकॉर्ड मोकळा आहे. ताईंच्या दोन फाइली अशाच जन्मल्या.

आता नॅस एकच ठेवला, वाशीला, आणि बाकीचे व्हीपीएनने आले तर? कॉन्फ्लिक्ट होणार नाही पण चहाचा ब्रेक तसाच राहील. अ‍ॅक्सेसमध्ये सर्व्हर असा नसतोच, हिशोब करणारं इंजिन प्रत्येकाच्या आपापल्या पीसीवर असतं आणि ते फाइलमधून ४ केबीची पानं एकेक करून मागवतं. एखादी क्वेरी ३००० पानं चाळते समजा. एकूण डेटा झाला १२ एमबी, १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाभराचं काम. पण पान मागायचं, ते यायची वाट बघायची, मग पुढचं मागायचं, आणि वाशी-शेवा व्हीपीएनवर एक फेरी १५ मिलिसेकंदाची धरली तर ३००० फेऱ्यांचे ४५ सेकंद होतात. प्रत्यक्षात विंडोज थोडी पानं आगाऊ उचलतं, त्यामुळे आकडा खालीवर होईल, पण लॅनवर हीच फेरी एका मिलिसेकंदाच्या आत असते म्हणून वाशीत सगळं गुळगुळीत. तेव्हा शेठ उद्या ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन आले तरी फरक पडणार नाही, फेऱ्या तेवढ्याच.

आणि हे नुसतं हळू चालण्यावर थांबत नाही. लिहिता लिहिता व्हीपीएन तुटला की पान अर्धवट राहतं आणि मग "अनरेकग्नाइझ्ड डेटाबेस फॉरमॅट" असं खिडकीत येतं. अ‍ॅक्सेसची बॅकएंड फाइल (टेबलं असतात ती) वॅनवर, म्हणजे दोन ऑफिसांमधल्या लांबच्या नेटवर्कवर, वापरू नका, वनड्राइव्हसारख्या सिंक फोल्डरमध्ये टाकून वाटू नका, हे मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं.

थोडक्यात तुमचा प्रश्न फाइल कुठे ठेवायची हा नाहीच. फाइल वाटायचीच नाही. खतावणी वाशीच्या कपाटात आहे आणि शेव्याचा माणूस दर पानासाठी वाशीला खेटे घालतोय, त्यापेक्षा कपाटापाशी एक कारकून बसवा, फोनवर विचारा "अमुक पार्टीचे पेंडिंग जॉब सांगा", तो फक्त उत्तर देईल. हा कारकून म्हणजे डेटाबेस सर्व्हर.

कोपरखैरणे_एक्सप्रेस

+१. वाचनखूण साठवली.

पामबीच

मग एसक्यूलाइट? फुकट आहे, एकच फाइल, अ‍ॅक्सेससारखी २ जीबीची मर्यादा पण नाही.

तीनहातनाका

मोबाइल अ‍ॅपच्या आत झकास, शेअर्ड फोल्डरवर नको. नेटवर्क फाइलसिस्टिमवरचं लॉकिंग भरवशाचं नसतं असं त्यांच्याच एफएक्यूमध्ये लिहिलंय, आणि वेग देणारा वॉल मोड नेटवर्क ड्राइव्हवर चालतच नाही, त्याला सगळे प्रोसेस एकाच मशीनवर लागतात. अ‍ॅक्सेस सोडून एसक्यूलाइट म्हणजे दुखणं तेच, फक्त डॉक्टर बदलला.

ऐरोलीकर

तीनहातनाका यांचं निदान शंभर टक्के मान्य, उपचाराबद्दल थोडं भांडतो. सर्व्हरवर नेणं म्हणजे दोन-तीन महिन्यांचं काम, कोण करणार? ताई अकाउंट्स सांभाळून? त्यापेक्षा आज आहे ते अ‍ॅप्लिकेशन जसंच्या तसं वाशीला एका विंडोज सर्व्हरवर ठेवा आणि शेव्याच्या-ठाण्याच्या लोकांना रिमोट डेस्कटॉपने आत घ्या. पानं मागवण्याचा सगळा धंदा वाशीच्या एका डब्यातच होईल, तारेवरून फक्त स्क्रीनचं चित्र जाईल. मध्येच नेट गेलं तरी फाइलला काही होत नाही, सेशन तिथे चालूच असतं, परत लॉगिन केलं की कर्सर होता तिथेच. रबाळे एमआयडीसीत आमच्या तीन युनिटांचं स्टोअर असंच चालतं आणि रडारड नाही.

खर्च मात्र आधी मांडून घ्या. सर्व्हरचं लायसन्स, वर प्रत्येक माणसामागे विंडोज सर्व्हरचं कॅल (माणशी वापराचा परवाना) आणि आरडीएसचं, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं, वेगळं कॅल. सर्व्हरबरोबर दोन सेशन फुकट मिळतात ती अ‍ॅडमिनसाठी, कामकाजाला नाहीत, कुणी "चालतं हो" म्हणालं तरी ऐकू नका. अ‍ॅक्सेस मात्र प्रत्येकाला विकत घ्यायला नको, नुसतं वापरायचं असेल तर रनटाइम फुकट आहे. आणि हात जोडून सांगतो, राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट उघडून ठेवू नका, व्हीपीएनच्या आतूनच.

मी_नेरुळची

दोघांचंही पटतंय हीच पंचाईत आहे. रिमोट डेस्कटॉप लगेच होईल असं दिसतंय. पण शेव्याचे लोक दिवसभर स्कॅन टाकत असतात, रिमोटमधून स्कॅनर चालेल का? आणि १.४ जीबीचं काय, २ ला भिडलो की काय होतं?

ऐरोलीकर

स्कॅनर चालतो म्हणता येतो पण वैताग आहे, ते मी लपवत नाही. २ जीबी ही अ‍ॅक्सेस फाइलची कमाल मर्यादा, तिथे पोचलात की नवीन रेकॉर्ड घेणं बंद. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर करून थोडी जागा सुटेल तेवढीच.

तीनहातनाका

ऐरोलीकर, वीस कॅलचे पैसे जोडून बघा आणि मग सांगा स्वस्त काय ते. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस, मायक्रोसॉफ्टचाच डेटाबेस सर्व्हर, फुकट आहे. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबी मर्यादा, २०२५ च्या आवृत्तीत ती ५० झालीये, आणि स्कॅन बाहेर काढले तर ताईंचा डेटा त्याच्या जवळपासही जाणार नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या फुकट सर्व्हरला तर मर्यादाच नाही, पण अ‍ॅक्सेसवरून जायचं तर मायक्रोसॉफ्टचंच स्थलांतराचं साधन फुकट मिळतं, एसएसएमए, ते टेबलं उचलून तिकडे ठेवतं आणि तुमच्या फ्रंटएंडला (फॉर्म-रिपोर्टांच्या भागाला) ओडीबीसी नावाच्या दुव्याने जोडून देतं. फॉर्म, रिपोर्ट, बटणं सगळी तीच. शेव्याच्या पोरांना कळणारही नाही मागे काय बदललं.

मात्र तीन ठिकाणी अडकाल, आत्ताच सांगतो. एक, प्रत्येक टेबलाला प्रायमरी की हवीच, नसेल तर जोडलेलं टेबल फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. दुसरं, यस-नो फील्ड तिकडे बिट होतं आणि त्यात रिकामी जागा राहिली तर रेकॉर्ड सेव्ह करताना "दुसऱ्या कुणीतरी बदल केलाय" अशी खोटी तक्रार येत राहते, माणूस ऑफिसात एकटा असला तरी! त्याला डिफॉल्ट शून्य द्या, जुने रिकामे शून्याने भरा, आणि प्रत्येक टेबलात एक रोव्हर्जन कॉलम (रेकॉर्ड बदलला की आपोआप बदलणारा) टाका. आणि तिसरं जे बहुतेक जण करत नाहीत, फॉर्म उघडल्या उघडल्या अख्खं टेबल ओढत असेल तर सर्व्हर आणून उपयोग शून्य, फॉर्म रिकामा उघडा, आधी जॉब नंबर किंवा पार्टी विचारा, मग तेवढंच मागवा. जड रिपोर्टांना पास-थ्रू क्वेरी, म्हणजे कारकुनाचं काम कारकूनच करेल.

पामबीच

व्हीपीएनचं काय पण? आमच्या इथे घरगुती फायबर आहे, पब्लिक आयपी नाहीच, सीजीनॅटच्या मागे (आयएसपी बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतो ते).

कोपरखैरणे_एक्सप्रेस

टेलस्केल बघ, तयार व्हीपीएन, आतून वायरगार्डच आहे, सीजीनॅटमधून वाट काढतं, पोर्ट उघडावं लागत नाही. नाहीतर वाशीला तरी स्टॅटिक आयपीवालं बिझनेस कनेक्शन घ्या, तीनपैकी एका टोकाला असला तरी पुरतं. आणि कृपा करून एसक्यूएल सर्व्हरचं १४३३ पोर्ट पण इंटरनेटवर उघडू नका, लोक ३३८९ बंद करतात आणि हे विसरतात.

मी_नेरुळची

ओके, म्हणजे डेटाबेससाठी फाइल स्टोरेज हा विषयच संपला. पण स्कॅन? ते तर फाइलीच आहेत. पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, पार्टीची पत्रं. त्यांना नॅस चालेल?

तीनहातनाका

आता बरोबर प्रश्न विचारलात. स्कॅनला नॅस अगदी चालेल, तिथे तर गावदेवी यांचा सिंकसुद्धा चालेल, कारण स्कॅन एकदाच लिहिला जातो आणि नंतर फक्त वाचला जातो. टेबलात फाइल ठेवू नका, फाइलचा पत्ता ठेवा. तोही अर्धाच. "झेड ड्राइव्ह, अमुक फोल्डर" असं अख्खं लिहिलंत की ठाण्याला झेडच्या जागी वाय निघतो आणि सगळ्या लिंका मेल्या. मुळाचा रस्ता सेटिंगच्या एका टेबलात ऑफिसवार ठेवा आणि रेकॉर्डमध्ये फक्त पुढचं, वर्ष, जॉब नंबर, फाइलचं नाव. उद्या नॅस बदलला किंवा सगळं एसथ्रीवर (अमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) नेलंत तरी एक ओळ बदलायची.

सीवूड्स_दादर_लोकल

मी पण याच लाइनमध्ये आहे म्हणून थोडं घुसतो. ताई, ई-संचितवर (कस्टम्सला कागदपत्रं ऑनलाइन द्यायची सोय) चढवलेले पीडीएफ डिजिटली साइन केलेले असतात. पुढे कधी जागा वाचवायला म्हणून कुणी उत्साही माणूस अख्ख्या फोल्डरवर कॉम्प्रेशन चालवेल, तर सह्या बाद होतील, तो फोल्डर रीड-ओन्लीच करून टाका. आणि अपलोडनंतर जो आयआरएन (त्या कागदाचा नंबर) मिळतो त्याला टेबलात स्वतंत्र कॉलम द्या, क्वेरी आली की ऑफिसर त्यावरूनच बोलतो, फाइलच्या नावावरून नाही. फाइलच्या नावात पार्टीचं नाव घालू नका, आमच्याकडे एका पार्टीची चार स्पेलिंगं आहेत आणि चारही बरोबर आहेत असं प्रत्येकाला वाटतं.

ब्रोकर लायसन्सिंग रेग्युलेशन २०१८ प्रमाणे रेकॉर्ड किमान ५ वर्षं जपायचं असतं, तेव्हा डिस्क घेताना ५ वर्षांचा हिशोब धरा, यावर्षीचा नको.

गावदेवी

बघा, नॅस शेवटी आलाच ना. पण दोन डिस्कचा घ्या, मिररवाला, मग बॅकअपचं टेन्शनच नाही.

ऐरोलीकर

गावदेवी काका, आता माराल आम्हाला. मिरर म्हणजे बॅकअप नाही हो! एक डिस्क मेली तर दुसरी चालते एवढंच. कुणी फोल्डर उडवला तर दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडतो, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर दोन्ही एकदमच कुलूपबंद. ताईंच्या तर दारातलं उदाहरण आहे, २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला तेव्हा जेएनपीटीमधलं मर्स्कवाल्यांचं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं होतं. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला किडा आणि कंटेनर अडकले आपल्या उरणच्या बाजूला. मर्स्कने नंतर नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर सेक्टर १७ मधल्या आपल्या डब्याचं काय घेऊन बसलात.

तेव्हा नॅसवर स्नॅपशॉट (त्या त्या वेळच्या गोठवलेल्या प्रती) चालू करा, आणि तिसरी प्रत इमारतीच्या बाहेर, जिचा पासवर्ड ऑफिसातल्या कुठल्याच पीसीवर साठवलेला नाही अशी. इथे क्लाउड घ्या, इथे तो शोभतो, रात्री हळूहळू चढू दे, घाई कुणाला आहे. एसथ्रीसारखं घेतलंत तर रीजन (सर्व्हर असतात ती जागा) मुंबईच निवडा.

सीवूड्स_दादर_लोकल

रीजनवरून आठवलं, फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो. जॉब रजिस्टर म्हणजे काही वह्या नव्हेत, पण तुमचं बिलिंगच त्यात आहे म्हणता, तेव्हा ऑडिटर विचारेल. सीएंना एक फोन टाका.

तीनहातनाका

आणि एक्सप्रेसमध्ये बॅकअपचं वेळापत्रक लावणारा एजंट नसतो हे ध्यानात ठेवा. लोक इन्स्टॉल करतात आणि बॅकअप आपोआप होतोय या समजुतीत वर्ष काढतात. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एसक्यूएलसीएमडीची (सर्व्हरला आदेश देणारं छोटं साधन) एक ओळ टाकायची, रात्री बॅकअप नॅसवर, तिथून बाहेर. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या पीसीवर उघडून बघायचा आणि शेवटचा जॉब नंबर ताडून घ्यायचा.

अवांतर: सर्व्हरला आणि राउटरला, दोघांनाही यूपीएस. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा लाइन गेली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळ्यांची बत्ती गुल झाली तेव्हा किती ठिकाणी सर्व्हर यूपीएसवर होता आणि राउटर भिंतीतल्या सॉकेटवर, सर्व्हर चालू आणि पोचायला रस्ता नाही. यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला लावा म्हणजे बॅटरी संपायच्या आत तो स्वतःहून नीट बंद होतो. ती वायर बहुतेक ऑफिसांत खोक्यातच राहते.

पामबीच

एक विचारू का, एवढं सगळं करण्यापेक्षा अझूर फाइल्स घेतलं तर? मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरचा खराखुरा एसएमबी शेअर (विंडोजच्या नेटवर्क फोल्डरसारखा) आहे, नॅसची झंझटच नको.

कोपरखैरणे_एक्सप्रेस

स्कॅनसाठी घे की. पण तो ४४५ पोर्टवरून बोलतो आणि वॉनाक्राय व्हायरसपासून बऱ्याच आयएसपींनी बाहेर जाणारा ४४५ बंदच करून ठेवलाय, मग त्यालाही व्हीपीएन आलाच. डेटाबेस फाइल त्यावर ठेवलीस तर वरचं ४५ सेकंदांचं गणित तिथेही लागू, क्लाउड झाला म्हणून अंतर थोडंच संपतं.

मी_नेरुळची

शेठशी बोलले. कॅलचा आकडा ऐकून ते खुर्चीत सरळ बसले, त्यामुळे रिमोट डेस्कटॉप बाद (ऐरोलीकर, सॉरी). ठरलंय ते असं की वाशीला एक बरा पीसी यूपीएसवर, त्यात एक्सप्रेस, तिन्ही ऑफिसं टेलस्केलने, आणि स्कॅन दोन डिस्कच्या नॅसवर, बाहेरची प्रत क्लाउडवर. ज्या सहकाऱ्याने मूळ फाइल बनवली त्याला फोन केला, तो आता पुण्यात असतो, रविवारी बसून एसएसएमए चालवून देतो म्हणाला. आधी फक्त बिलिंगची टेबलं नेणार, ठाणे महिनाभर त्यावर चालवणार, मग शेवा.

अडलंय फक्त एका जागी. शेव्याचं झेरॉक्स-स्कॅनर मशीन जुनं आहे, ते नव्या नॅसवर स्कॅन टाकतच नाही, पासवर्ड चुकीचा म्हणतं. पासवर्ड बरोबर आहे, मी स्वतः टाइप केलाय.

ऐरोलीकर

सॉरी कशाला, पैसे शेठचे. मी असतो तर आजही तेच केलं असतं ते सोडा.

मशीनला फक्त जुनं एसएमबी १ येत असणार, नवे नॅस ते बंदच ठेवतात. नॅसवर ते चालू करण्याचा मोह होईल, अजिबात करू नका, वॉनाक्राय आणि नॉटपेट्या दोघंही त्याच दारातून एका पीसीवरून दुसऱ्यावर पसरले होते. मशीनच्या मेनूत एफटीपी किंवा ईमेलवर स्कॅन असा पर्याय असेल. एफटीपी असेल तर नॅसवर त्याच्यापुरता एक वेगळा युजर करा, ज्याला एकाच "आवक" फोल्डरमध्ये लिहिता येतं, बाकी काही दिसत नाही, आणि फक्त ऑफिसच्या लॅनमधून.

मी_नेरुळची

शेव्याला नॅस नाहीये पण, नॅस वाशीला.

तीनहातनाका

मग शेव्याच्याच एका पीसीवर तो आवक फोल्डर ठेवा, मशीन तिथे टाकेल, आणि फ्रंटएंडमध्ये एक बटण द्या, जॉब नंबर निवडला की आवकमधली फाइल उचलून नाव बदलून नॅसवर सरकवेल आणि टेबलात पत्ता लिहील. आधी कॉपी, मग साइज ताडून बघणं, मग टेबलात नोंद, मग आवकमधून डिलीट, याच क्रमाने. रविवारी पुण्याचा भाऊ बसेल तेव्हा त्यालाच लिहायला सांगा, व्हीबीएच्या (ऑफिस प्रोग्रामांच्या आतली प्रोग्रामिंग भाषा) वीस-पंचवीस ओळी आहेत, अडला तर इथे टाका.